भाडेकऱ्यांचा संघ कां हवा ?

हिरण्यकेशीच्या कांठचें गडहिंग्लज हें बाजाराचें गांव. आणि बाजाराच्या गांवीं खालीं दुकान व माडीवर बिऱ्हाड अशा भाड्याच्या इमारती असावयाच्याच. छप्पर गळूं लागलें म्हणजे प्रत्येक भाडेकरू मालकाच्या दारीं एकटा जातो आणि रित्या हातानें परत येतो. ही रीत मोडून एकेका इमारतींतील भाडेकऱ्यांनीं आपला संघ स्थापावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कारण हिशेबाचें आहे. ३१ मार्च २००० पासून अंमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या चौदाव्या कलमान्वयें इमारत सुस्थितींत राखणें हें मालकाचें कर्तव्य होय. निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानें वाजवी मुदतींत दुरुस्ती न केल्यास भाडेकऱ्यास ती स्वतः करून खर्च भाड्यांतून वळता करून घेतां येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून अधिक नव्हे. समजा, जुनें भाडें दरमहा ३०० रुपये आहे. वर्षाचे ३,६००, चौथाई ९००. तेवढ्यांत आज गवंडी शिडीवर तरी चढेल काय ? बारा बिऱ्हाडें मिळून मात्र १०,८०० होतात, आणि एकत्र दुरुस्ती करण्याची मुभा त्याच कलमांत स्पष्ट दिलेली आहे. व्यापाऱ्यांस हें गणित आम्हीं समजावून सांगावें असें नाहीं.

दुर्लक्षाचा शेवट कोठें होतो तेंही पाहावें. इमारत मोडकळीस येऊन नगरपरिषदेनें ती पाडण्याचा हुकूम केला, कीं सोळाव्या कलमान्वयें मालकास ताबा मागतां येतो. ज्यानें छप्पर वेळेवर शाकारलें नाहीं, त्यालाच जागा मोकळी ! मुंबई बेटांतील जुन्या चाळींसाठीं १९७१ पासून सरकारी दुरुस्ती मंडळ आहे. त्याचा हात गडहिंग्लजपर्यंत पोंचत नाहीं.

मालकांस बाजू नाहीं असें नव्हे. कायद्यानें भाड्यांत वर्षाला शेंकडा चारच वाढ करतां येते. जुन्या भाड्यावर ती कितीशी होणार? म्हणून संघानें पहिल्याच बैठकींत थकलेलें भाडें भरून टाकावें व प्रत्येक रकमेची लेखी पावती घ्यावी. थकबाकीदाराच्या तोंडीं हक्काची भाषा शोभत नाहीं, आणि कोर्टांत टिकतही नाहीं.

संघांत स्त्रियांस अवश्य घ्यावें. गळक्या छपराखालीं चूल त्याच पेटवितात. १९१५ सालीं ग्लासगो शहरांत वाढीव भाडें नाकारण्यांत स्त्रियाच पुढें होत्या, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटास भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला.

आपली जागा कायद्याच्या कक्षेंत येते हें वकिलाकडून पाहून घ्यावें. मग बाराही सह्यांची नोटीस, रजिस्टर टपालानें, मृग लागण्यापूर्वीं पुरेशी आधीं मालकाच्या हातीं पडावी.