सायक्लोन मोडीत नको, दुरुस्त करा



‘राईस मिलमधले सायक्लोन मोडीत काढून सरसकट बॅग फिल्टर लावा’ हे पत्र वाचले. पत्रलेखकाची कळकळ पटते, उपाय पटत नाही. भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमधून उडणारा तूस-कोंडा पकडायला सायक्लोन, म्हणजे हवा भोवऱ्यासारखी फिरवून धूळ वेगळी करणारे यंत्र, आजही स्वस्त आणि टिकाऊ आहे. त्याच्या आत फिरणारा एकही भाग नसतो. खोट असते ती रचनेत आणि देखभालीत.

अभियंते स्टेअरमंड यांनी १९५१ मध्ये मांडलेली सायक्लोनची मापे आजही कामाची आहेत: एकूण उंची व्यासाच्या चौपट, हवा बाहेर नेणारी नळी निम्म्या व्यासाची. व्यास लहान तितकी बारीक धूळ सापडते. म्हणून एका मोठ्या सायक्लोनऐवजी चार लहान जोडावेत. तळाच्या झडपेतून हवा आत शिरली, तर खाली आलेली धूळ पुन्हा वर उचलली जाते. आधी ती गळती बंद करा. नुसता हवेचा वेग वाढवणे महागात पडते: वेग दुप्पट केला, की दाबातली घट चौपट होते आणि विजेचे बिल फुगते.

२.५ मायक्रॉनखालच्या कणांसाठी कापडी पिशव्यांतून धूळ गाळणारा बॅग फिल्टर हवाच, पण सायक्लोनच्या नंतर. जाड धूळ आधीच वेगळी झाली, तरच त्याच्या पिशव्या टिकतील.

– एक वाचक, प्रताप नगर, नागपूर