डिफॉल्टला हात लावायचा का?

लिनक्समध्ये प्रोग्रॅमने मेमरी मागितली की कर्नल सहसा 'घे' म्हणतं. मशीनमध्ये आहे त्याहून जास्तही कबूल करून बसतं, कारण मागितलेली सगळी कोणी वापरत नाही. याला ओव्हरकमिट म्हणतात, डिफॉल्ट 0. पण सगळे एकदम वापरायला लागले तर? मग ओओएम किलर येतो आणि कुठल्यातरी प्रोसेसचा बळी घेतो.

यावर हॉस्टेलचा रामबाण उपाय ठरलेला: "अरे, सेटिंग बदल ना!" बदलून काय करू? रेडिसवाले सांगतात 1 ठेवा, म्हणजे कर्नल कधी नाही म्हणणार नाही. डेटा सेव्ह करताना रेडिस फोर्क करतो, आणि मागणी एकदम वाढलेली दिसते. पोस्टग्रेसवाले सांगतात 2, म्हणजे मर्यादेबाहेर सरळ नकार. एखादी क्वेरी फसेल, पण अख्खा सर्व्हर मारला जायची शक्यता कमी. आणि दोघंही बरोबर!

डिफॉल्ट ही काळ्या दगडावरची रेघ थोडीच आहे? आपलं मशीन न बघता काढलेला तो अंदाज. मला विचाराल तर जरूर बदला. पण आधी आपल्याकडे काय चालतं ते बघा, आणि का बदललं ते एका ओळीत लिहून ठेवा. नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री ज्युनिअर्स ते निस्तरत बसतील!