त्यांना माहीत होतं म्हणे!

दरवर्षी सुपर बोल झाला की आमच्या कंपूत एक वाद ठरलेला. मॅच संपलेली असते, चिप्सची पाकिटं रिकामी झालेली असतात आणि कुणीतरी खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतींचा विषय काढतं. लगेच दुसरा म्हणतो, "अरे, करोडोंनी पैसे मिळतात त्यांना! धोका माहीत असून खेळतात ना? मग नंतर रडायचं कशाला?"

खोटं कशाला बोलू, काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचो. ऐकायला एकदम लॉजिकल वाटतं. सज्ञान माणूस, सही केलेलं कॉन्ट्रॅक्ट, विषय संपला. पण डेव्ह ड्युअरसनबद्दल वाचलं आणि माझ्यापुरतं तरी हे लॉजिक निकालात निघालं.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल म्हणजे नुसती ढकलाढकली वाटते त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्युअरसन 'सेफ्टी' होता. म्हणजे बचावफळीत सगळ्यात मागे उभा राहणारा. पुढचे सगळे चुकले की बॉल घेऊन सुसाट येणाऱ्याला यानेच आडवं करायचं. शिकागो बेअर्सच्या 1985 च्या टीममध्ये तो होता. त्यांच्या बचावाच्या डावपेचाचं नाव '46', कारण आधीचा एक सेफ्टी डग प्लँक 46 नंबरची जर्सी घालायचा. योगायोग बघा, जानेवारी 1986 मधला सुपर बोल त्यांनी 46-10 असाच जिंकला! 1986 च्या सीझनमध्ये ड्युअरसनने क्वार्टरबॅकला सात वेळा आडवं केलं. मागच्या फळीतल्या खेळाडूसाठी हा विक्रम 2005 पर्यंत टिकला. पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडून त्याने आणखी एक सुपर बोल जिंकला.

आता मुद्द्याचं. हा काही "शिकला नाही म्हणून खेळात गेला" छाप माणूस नव्हता. नोटर डेमची इकॉनॉमिक्सची पदवी. 1987 साली समाजकार्यासाठी लीगचा 'मॅन ऑफ द इयर'. निवृत्तीनंतर मॅकडॉनल्ड्सला सॉसेज पुरवणाऱ्या कंपनीचा मालक. हार्वर्डमधला मॅनेजमेंटचा कोर्स. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, निवृत्त खेळाडूंचे अपंगत्वाच्या भत्त्याचे अर्ज ज्या सहा जणांच्या मंडळापुढे जातात (तीन लीगचे, तीन युनियनचे), त्यात तो युनियनतर्फे बसायचा. म्हणजे कुणाचा गुडघा गेला, कुणाची पाठ गेली, कुणाला घरचा पत्ता आठवत नाही, या सगळ्या फायली ज्या टेबलावर यायच्या त्याच टेबलावर.

2007 साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली. तिथे त्याने साधारण असं सांगितलं की माझ्या वडिलांनाही अल्झायमर आहे आणि ते तर कधी व्यावसायिक खेळ खेळले नाहीत, तेव्हा मेंदूचं नुकसान नेमकं कशाने होतं हा प्रश्न उरतोच.

फेब्रुवारी 2011 मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, फ्लोरिडातल्या घरी त्याने छातीत गोळी झाडून आत्महत्या केली. छातीत, कारण मेंदू शाबूत राहायला हवा होता. तो संशोधनासाठी द्या, असं त्याने घरच्यांना लिहून ठेवलं होतं. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तो तपासला आणि मे महिन्यात सांगितलं की त्याला सीटीई होता. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा हा आजार. याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं.

(यात शौर्य वगैरे काही शोधू नका, प्लीज. आणि सगळं सीटीईवर ढकलायचंही माझ्या मनात नाही. 2006 पासून धंदा बुडत गेला होता, घटस्फोट झाला होता, पैसे संपले होते. 2005 साली बायकोवर हात उचलल्याबद्दल त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता. माणूस गुंतागुंतीचा होता.)

आता परत एकदा ते वाक्य म्हणून बघा. "त्यांना माहीत होतं."

कुणाला माहीत होतं? इतका शिकलेला, थेट फायली हाताळणारा माणूस 2007 साली जाहीरपणे म्हणतोय की कारण नक्की नाही. मग गावातल्या कॉलेजातून उचललेल्या एकवीस वर्षांच्या पोराला काय डोंबल माहीत असणार?

हे 'नक्की नाही' आपोआप तयार झालेलं नव्हतं. लीगने 1994 साली मेंदूच्या दुखापतींवर स्वतःची समिती नेमली. अध्यक्ष कोण? सांधेदुखीचे डॉक्टर! या समितीने पुढे बरीच वर्षं पेपर छापून सांगितलं की आमच्या खेळाडूंत कायमचं नुकसान दिसत नाही. बेनेट ओमालू यांनी पिट्सबर्गच्या माइक वेबस्टरच्या मेंदूत सीटीई सापडल्याचं 2005 साली प्रसिद्ध केलं, तर समितीच्या सदस्यांनी तो पेपरच मागे घ्या म्हणून मागणी केली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) याच वेबस्टरला 1999 साली भत्ता मंजूर करताना मंडळाने त्याच्या मेंदूचं नुकसान फुटबॉलमुळे झाल्याचं मान्य केलं होतं. हे तेच मंडळ, ज्यावर पुढे ड्युअरसन बसला.

आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टर बग टाकतोय, त्याच मॉड्यूलचा मालक "कॅनॉट रिप्रोड्यूस" लिहून बंद करतोय, आणि क्लायंटला सांगतोय की तुम्ही टर्म्स वाचूनच सही केली होती. अशा प्रोजेक्टवर आपण "चूक युजरची" म्हणतो का? मग इथेच का म्हणतो?

आणि पैशाचं म्हणाल, तर तेही बघा. खटल्याची तडजोड 2015 मध्ये मंजूर झाली. त्यात सीटीईमुळे झालेल्या मृत्यूची भरपाई फक्त त्या वर्षाच्या एप्रिलपर्यंत मेलेल्यांसाठी. जे नंतर मेले त्यांच्या मेंदूत सीटीई सापडला तरी त्याचे पैसे नाहीत. जिवंत खेळाडूंच्या स्मृतीच्या चाचण्यांत तर वंशाप्रमाणे वेगळी पट्टी लावायची सोय होती. कृष्णवर्णीय खेळाडूची मूळ पातळीच कमी धरायची, म्हणजे घसरणही कमी दिसते आणि दावा बसत नाही. सरळसरळ एक इफ-एल्स! खेळाडूंनी आरडाओरडा केल्यावर 2021 मध्ये लीग ही पट्टी सोडायला तयार झाली.

एक आक्षेप मला मान्य आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 111 माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई आढळला, पण ते दान केलेले मेंदू होते. ज्यांना त्रास होता त्यांच्याच घरच्यांनी मुख्यतः दिले, त्यामुळे हेच प्रमाण सगळ्यांना लावता येत नाही. बरोबर आहे. पण मग खरं प्रमाण शोधायचं काम कुणाचं होतं? पैसा, डॉक्टर आणि हजारो खेळाडूंच्या नोंदी कुणाकडे होत्या?

मी फुटबॉल बंद करा म्हणत नाही. मीही पुढच्या वर्षी चिप्स घेऊन बसणार आहे. आज खेळणाऱ्या पोराला निदान ऐकून तरी माहीत आहे की असं होऊ शकतं. त्याची संमती थोडी खरी आहे. पण 1983 ते 1993 खेळलेल्या ड्युअरसनला "माहीत होतं" म्हणणं म्हणजे शुद्ध थाप आहे. ज्याच्याकडे माहिती आहे त्याने ती दिल्याशिवाय सहीला संमती म्हणता येत नाही, मग समोरचा हार्वर्डला जाऊन आलेला का असेना.

ड्युअरसनने दुसऱ्यांचे अर्ज तपासले. स्वतःचा पुरावा द्यायला त्याला मरावं लागलं. पुढच्या सुपर बोलला कुणी ते वाक्य फेकलंच, तर चिप्स बाजूला ठेवून त्याला एवढंच विचारा, "माहीत होतं? कुणी सांगितलं होतं?"