अमेरिकेचा काढता पाय

जागतिक आरोग्य संघटनेशी असलेले नाते अमेरिकेने २२ जानेवारी २०२६ रोजी रीतसर तोडून टाकले. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे दुसऱ्यांदा अधिकारसूत्रे हाती घेतल्याच्या पहिल्याच दिवशी, या आज्ञापत्रावर सही केली होती. पूर्वसूचनेचे वर्ष भरताच ते अमलात आले. २०२० सालीही त्यांनी हाच घाट घातला होता. परंतु मुदत पुरी होण्यापूर्वीच सत्तांतर झाले आणि त्यांच्यानंतर आलेल्या बायडन यांनी तो बेत मोडून काढला. या वेळी मोडून काढणारा कोणी नव्हता. ज्या संघटनेच्या घटनेवर १९४६ साली न्यूयॉर्क शहरातच सह्या झाल्या, तिच्या पंगतीतून यजमानच पाट सोडून उठला आहे.

अमेरिकेने काय करावे हे सांगणारे आपण कोण, आणि बेळगावच्या दैनिकाने आपले अग्रलेखाचे स्तंभ त्यासाठी का खर्ची घालावेत, असे कोणी विचारील. आमचे उत्तर टिळकवाडीत आहे. व्हॅक्सिन डेपोचे मैदान आमच्या वाचकांस महामेळाव्यामुळे आणि त्यासाठी नाकारल्या जाणाऱ्या परवानगीमुळे चांगले ठाऊक आहे. पण त्या नावातील ‘व्हॅक्सिन’ ही देवीची लस होती. उन्हातान्हातही टिकणारी सुकवलेली लस तयार करणाऱ्या देशातील मोजक्या केंद्रांत बेळगावची गणना होती. आज चाळिशी-पन्नाशीच्या आत असलेल्या कोणाही बेळगावकराच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण नाहीत, या भाग्यात या गावाचा वाटा आहे. आणि जिच्यावर आज अमेरिकेने पाठ फिरवली, त्या संघटनेचाही आहे.

ती हकीकत सांगण्यासारखी आहे. संघटना १९४८ साली अस्तित्वात आली आणि दुसऱ्याच वर्षी सोव्हिएत रशिया रुसून बाहेर पडला. पाठोपाठ पूर्व युरोपातील त्याचे सोबतीही गेले. संघटनेने मोठे शहाणपण दाखविले. घटनेत बाहेर पडण्याची तरतूदच नाही, असे म्हणून तिने त्यांची नावे पटावरून खोडली नाहीत; ‘निष्क्रिय सभासद’ एवढाच शेरा मारून त्यांच्या खुर्च्या राखून ठेवल्या. १९५६ साली रशिया परत आला. आणि १९५८ साली मिनियापोलिस या अमेरिकेच्याच शहरात भरलेल्या अधिवेशनात, व्हिक्टर झ्दानोव्ह या रशियन प्रतिनिधीने देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा करण्याची सूचना मांडली. १९६७ साली मोहीम नेटाने सुरू झाली, तिचे सेनापतिपद डी. ए. हेंडरसन या अमेरिकन डॉक्टरकडे गेले. रशियाची लस, अमेरिकेचा सेनापती, आणि रणांगण आपले! १९७४ साली आपल्या देशात दीड लाखाहून अधिक माणसांस देवी आल्या. एकट्या बिहारात हाहाकार उडाला. त्याच्या पुढच्याच वर्षी भारतातील शेवटच्या रुग्णाची नोंद झाली, आणि मे १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेल्या दोन सत्तांनी हे कार्य एका मांडवाखाली तडीस नेले. रुसलेल्याची खुर्ची राखून ठेवली नसती, तर हे घडले असते काय?

अमेरिकेच्या तक्रारी सर्वस्वी खोट्या आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. कोविडच्या आरंभी, १४ जानेवारी २०२० रोजी, माणसापासून माणसास लागण होत असल्याचा स्पष्ट पुरावा चिनी तपासात मिळालेला नाही, असे या संघटनेने जगास कळविले. चीन सांगेल ते ऐकून घेण्यापलीकडे तिने त्या वेळी फारसे काही केले नाही. आणीबाणीची घोषणा व्हायला ३० जानेवारी उजाडला. हा रोग हवेतून पसरत नाही असे तिने मार्चमध्ये ठासून सांगितले, आणि ती चूक सुधारण्यास तिला फार वेळ लागला. वर्गणीचा बोजाही अमेरिकेवर मोठा होता. ठरीव वर्गणीतील शेकडा २२ भाग तिचा, आणि त्यावर स्वखुशीच्या देणग्या निराळ्या. चीनच्या देणग्या त्या मानाने अगदीच तुटपुंज्या. या गोष्टी कोणी प्रामाणिक मनुष्य नाकारणार नाही.

परंतु या संघटनेचे हात बांधले कोणी? तिच्याजवळ फौज नाही, पोलीस नाहीत. कोणत्याही देशात त्या देशाच्या अनुमतीवाचून तिचा एक डॉक्टरसुद्धा पाऊल टाकू शकत नाही. सभासद राष्ट्रांनीच आपल्या सार्वभौमत्वाच्या अभिमानापोटी तिला हा अधिकार कधी दिला नाही, आणि त्या राष्ट्रांत अमेरिका अग्रभागी होती. दात काढून घ्यायचे आणि मग चावत नाही म्हणून दोष द्यायचा, यातला हा न्याय झाला. कोविडच्या हाताळणीची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र मंडळाने २०२१ साली संघटनेच्या विलंबावर बोट ठेवले. पण त्याच मंडळाने असेही सांगितले की, आणीबाणीची घोषणा झाल्यावर बहुतेक सरकारांनी २०२० चा फेब्रुवारी महिना नुसता वाट पाहण्यात दवडला. घंटा उशिरा वाजली हे खरे; पण वाजल्यावर जे उठले नाहीत, त्यांनी घंटेवर किती रागवावे?

आणि बाहेर पडून साधले काय? चीनचे वजन वाढले म्हणून तक्रार, आणि त्यावर उपाय काय, तर आपली खुर्ची रिकामी करून ते वजन आणखी वाढू देणे! आपले नाक कापून दुसऱ्यास अपशकुन करण्याचा हा प्रकार आहे. भावी साथींविषयीचा करार मे २०२५ मध्ये जिनिव्हात मंजूर झाला. त्याच्या मसुद्याला अखेरचे रूप देताना अमेरिकेचा शब्द नव्हता, आणि पुढील घडामोडींतही तो असणार नाही. इन्फ्लुएंझाचे विषाणू देशोदेशींहून गोळा करून पुढल्या हंगामाची लस ठरविण्याची व्यवस्था १९५२ पासून चालू आहे. तिचा लाभ अमेरिकेच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही होत आला आहे. भरीस भर म्हणजे, १९४८ साली सभासद होताना अमेरिकेच्या काँग्रेसने स्वतःच अट घातली होती की, बाहेर पडायचे तर वर्षाची सूचना द्यावी आणि चालू वर्षाची देणी चुकती करावीत. सूचना दिली, पण २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षांची वर्गणी न भरताच बिऱ्हाड हलविले. जगातल्या सर्वांत धनाढ्य राष्ट्राला हे शोभले नाही.

याची झळ मात्र गरिबांस बसते. संघटनेला आपला २०२६-२७ चा अर्थसंकल्प सुमारे एक पंचमांशाने आवळावा लागला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलेली मेंदूज्वरावरील स्वस्त लस २०१० साली आफ्रिकेत पोचली. ती पोचण्यासाठी तिच्या गुणवत्तेवर याच संघटनेची मोहोर उठावी लागली. ज्या देशांजवळ स्वतःच्या प्रयोगशाळा नाहीत, त्यांना ही मोहोर हाच एक भरवसा. मराठी मुलखातल्या कारखान्याची लस बुर्किना फासोच्या मुलास टोचली जाते, ती या भरवशावर.

आता एक आक्षेप, जो आमच्या विरोधकांच्या ओठांवर खात्रीने असेल. तुम्ही स्वतः एका राज्यातून बाहेर पडण्यासाठी सत्तर वर्षे झगडता, आणि दुसऱ्यास मात्र आत राहण्याचा उपदेश करता! आक्षेप सडेतोड आहे, म्हणून उत्तरही सडेतोड देतो. अमेरिका संघटनेत शिरली ती आपल्या राजीखुशीने, स्वतःच्या अटी घालून. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्हांस कोणी विचारले होते? आणि आम्ही भारतीय संघराज्य सोडण्याची भाषा एकदाही केलेली नाही. एकाच घराच्या एका खोलीतून आपल्या माणसांच्या खोलीत जाऊ द्या, एवढेच आमचे मागणे. त्यासाठीही आम्ही सभागृहे ओस पाडली नाहीत. ज्या राज्यात राहणे मान्य नाही, त्याच राज्याच्या विधानसभेत १९५७ पासून समितीचे आमदार निवडून गेले आणि भर सभेत मराठीतून गाऱ्हाणे मांडीत राहिले. महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने आमच्यावर अन्याय केला, तरी आम्ही न्यायमंदिराची पायरी सोडली नाही. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल केलेल्या दाव्याच्या तारखा दोन दशके मोजीत आलो. मूठभर सीमावासी जे धैर्य दाखवितात, ते महासत्तेला दाखविता येऊ नये, याचे आम्हांस नवल वाटते.

सीमा म्हणजे काय, हे आम्हांस कोणी शिकवायला नको. २०२१ साली कोगनोळीच्या नाक्यावर चाचणीचा कागद नाही म्हणून माणसे माघारी फिरविली गेली. विषाणू मात्र नाका चुकवून दोन्हीकडे नांदत होता. दोन राज्यांत जे झाले, तेच दोन खंडांत होते. नाके उभारणे सोपे असते. नाक्यापलीकडे काय शिजते आहे हे वेळेवर कळविणारा विश्वासू निरोप्या असणे, हे खरे संरक्षण.

म्हणून दिल्लीकरांस आमचे सांगणे आहे. भारताची ठरीव वर्गणी शेकडा एकच्या आसपास आहे. ती वाढवावी लागली तर कां-कूं करू नये. मात्र पैशाबरोबर हक्काने मागणीही करावी की, साथीच्या उगमस्थानी विनाविलंब तपास करण्याचा अधिकार संघटनेस मिळावा, मग तो देश चीन असो, अमेरिका असो वा आपण स्वतः असू. आणि जिनिव्हाच्या सभागृहातील अमेरिकेची खुर्ची कोणी हलवू नये. १९५६ साली एक रुसलेला पाहुणा परत आला, त्यातून देवीचा अंत झाला. दुसराही येईल. तोवर त्याच्या पाटावर धूळ बसू न देणे, हे मागे राहिलेल्यांचे काम आहे.