रेशमाचे फूल, हिजाबची पिन

निकाहआधी मांजा-हळदीला मुलीला फुलांचे दागिने घालायची रीत आपल्याकडे जुनीच. मोगऱ्याचे दिवस नसले की आता बाजारातून गोट्याचे, प्लास्टिकच्या फुलांचे तयार सेट येतात. एक दिवस घालायचे आणि कपाटात टाकायचे. अंबाजोगाईच्या बाजारात असा एक सेट हातात घेतला आणि आम्हाला पटवेगार आठवले.

दागिना सोनार घडवतो, पण तो गळ्यात बांधण्याजोगा करतो पटवेगार. सुताच्या गाभ्यावर रेशीम गुंडाळायचे, मध्ये जरीची गाठ, टोकाला गोंडा. धाग्याचे टोक पायाच्या अंगठ्याला अडकवले की दोन्ही हात मोकळे. नवरीचा काळ्या पोतीचा लच्छा, बाजूबंदाचे गोंडे, वेणीतले अगवळ हे त्यांच्याच हातचे हुनर. पटवेकर, पटवेगार ही आडनावे हिंदूंत आहेत, आपल्यातही आहेत. कित्येक घरांत आता आडनावच तेवढे उरले आहे.

याच गुंडाळण्यातून फूलही होते. चीनमध्ये अशा फुलांना चानहुआ म्हणतात आणि तिथल्या तरुण मुली ती पुन्हा केसांत माळू लागल्या आहेत. तुर्कस्तानातल्या बायका सुईने रेशमी फुलांची झालर विणून डोक्यावरच्या रुमालाला लावतात, ती ओया.

कृती अवघड नाही, चिकाटीची आहे. पातळ पुठ्ठ्याचे अर्ध्या पाकळीएवढे दोन तुकडे कापून एका बारीक तारेवर ठेवायचे आणि रेशीम असे गुंडाळायचे की फेरा फेऱ्याला लागून बसेल, पण त्यावर चढणार नाही. टोकाशी धागा घसरतो, तिथे डिंकाचा थेंब लावावा. तार मधोमध दुमडली की पूर्ण पाकळी. अशा पाच पाकळ्या बांधल्या, मागे पिन लावली की हिजाबला लावा, क्लिप लावली तर केसांत.

आता हिशेब, कारण बायका फसतात त्या इथेच. एका फुलाला एक तास धरा. व्यापाऱ्याने दहा रुपये दिले तर आठ तास मान मोडून ऐंशी रुपये. रोजगार हमीचा रोज २०२४-२५ साली २९७ रुपये होता. म्हणजे रेशमाचा खर्च सोडून फुलामागे निदान सदतीस रुपये मेहनताना पडला पाहिजे. त्याखाली काम घेऊ नये, मग ते घरबसल्या का असेना. आणि शाळकरी मुलींना सुटीत शिकवा. त्यासाठी शाळा बुडवणे आम्हाला अजिबात मंजूर नाही.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. शिंपी आहे, हार गुंफणारा आहे, पटवेगार नाही. हे आमच्या मते चूक आहे. ग्रामसभेत, नगरपालिकेत हे कुणीतरी बोलले पाहिजे.

तोवर लच्छा ओवणारी एखादी खाला तुमच्या मोहल्ल्यात असेल तर मुलींना आधी तिच्याकडे धाडा. अंगठ्याला धागा किती ताणून धरायचा, ते मोबाइलवर बघून कळत नाही.