ओट्याची झळाळी आणि कारागिराचा श्वास

ओटा हा शब्द मूळचा घराच्या दर्शनी भागातला. तो स्वयंपाकघरात आला, चुलीपुढे बसणारी गृहिणी उभी राहून रांधू लागली, आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांत त्या ओट्यावर आंध्रातील कडप्प्याची काळी फरशी बसली. पुढे ग्रॅनाइट आला. अलीकडे मात्र शहरी गृहसंकुलांत तिसऱ्याच वस्तूची चलती आहे. विक्रेते तिला 'क्वार्ट्झ' म्हणतात. नाव दगडाचे असले तरी ही लादी खाणीतून निघत नाही. गारगोटीच्या जातीच्या खनिजाचा चुरा आणि रेझिन यांचे मिश्रण दाबून ती कारखान्यात घडविली जाते.

ओट्याची निवड करताना घरोघर जी चर्चा होते, ती डाग, रंग आणि दर यांची. हळद पुसली जाईल काय, कोकमाचा ओघळ राहील काय, हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु ही लादी कापताना उडणारी धूळ कोणाच्या छातीत जाते, हा प्रश्न दुकानात कोणी विचारीत नाही.

तो विचारला जाणे अगत्याचे आहे. स्फटिकरूप सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसांत खोल जाऊन बसते, तेथे व्रण धरतात आणि श्वास आखूड होत जातो. या सिलिकोसिसवर उपाय नाही. संगमरवरात सिलिका अत्यल्प असते, ग्रॅनाइटमध्ये साधारणतः २० ते ४५ टक्के; क्वार्ट्झच्या लादीत मात्र ती ९० टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकते. म्हणूनच जो रोग पूर्वी खाणकामगाराला दोन-तीन दशकांनी ग्रासत असे, तो या लाद्या कापणाऱ्या ऐन तिशीतील तरुणांना काही वर्षांतच गाठू लागला. इस्रायल आणि स्पेनमधील डॉक्टरांनी हे प्रथम जगासमोर आणले. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याने २०१८ मध्ये कोरड्या कापणीविरुद्ध कडक पावले उचलली. तेवढ्याने भागले नाही. अखेर १ जुलै २०२४ पासून त्या देशाने अशा लाद्यांचे उत्पादन, पुरवठा आणि बसवणूक यांवरच बंदी घातली. जेथे कारखाना-निरीक्षक वेळेवर येतो आणि नियम मोडणाऱ्यास दंड होतो, अशा देशाला नियमनाने हा प्रश्न सुटला नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

भारताला या धुळीची ओळख नव्याने करून द्यावी लागू नये. मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूर भागातून गुजरातमधील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला गेलेले वनवासी बांधव याच रोगाने गेले. त्यांपैकी २३८ मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. हाच चुरा आता दिवाणखान्याला लागून असलेल्या, पाहुण्यांना कौतुकाने दाखविल्या जाणाऱ्या स्वयंपाकघरांत पोहोचतो आहे. फरक इतकाच की, लादी कापणारा कारागीर आज त्याच इमारतीच्या गच्चीत, तोंडाला रुमाल बांधून, कोरडे कटर चालवीत बसलेला असतो. रुमालाने ही धूळ अडत नाही.

क्वार्ट्झच्या व्यवसायावर हजारोंची रोजी अवलंबून आहे, असा युक्तिवाद केला जाईल. तो खोटा नाही. कारखान्यात पाण्याखाली, यंत्राने कापणी होते तेथे धोका कमी करता येतो, हेही खरे. पण लादी घरी आल्यावर सिंकचे आणि शेगडीचे भोक जो पाडतो, त्याच्यापर्यंत ही काळजी पोहोचत नाही.

शिवाय भारतीय स्वयंपाकाच्या दृष्टीनेही ही निवड फारशी शहाणपणाची नाही. फोडणीची तापलेली कढई सरळ ओट्यावर टेकविणे ही येथील रीत. रेझिनला ती सोसत नाही. 'कोरियन' या नावाने परिचित असलेला ॲक्रिलिकचा पृष्ठभागही उष्णतेपुढे नाजूकच, त्याला आडणी हवी. मात्र त्यात सिलिका जवळजवळ नसते, सांधे दिसत नाहीत आणि ओरखडा घासून काढता येतो. ज्याला शुभ्र ओटाच हवा आणि खर्चाची तयारी आहे, त्याने हा विचार करावा. ग्रॅनाइट उष्णतेला दाद देत नाही. कडप्पा चुनखडकाच्या जातीचा असल्याने लिंबा-चिंचेने त्यावर फिके डाग पडतात खरे, पण तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आणि जुन्या वाड्यांतील गृहिणींनी तेलाचा बोळा फिरवून त्याची काळी तकाकी वर्षानुवर्षे राखली आहे.

मात्र ग्रॅनाइट वा कडप्पा निवडला म्हणजे धूळ संपली, असे नव्हे. ठेकेदाराशी बोलणी करतानाच ओट्याचे माप देऊन सिंक-शेगडीच्या भोकांसह सर्व कापणी कार्यशाळेत पाण्याच्या धारेखाली करून मागावी. जागेवर नळासाठी एखादे भोक पाडावेच लागले, तर तेही पाणी सोडूनच पाडावे, आणि कारागिराला रुमालाऐवजी धूळ गाळणारा मुखवटा द्यावा. त्याचा खर्च एका चांगल्या नळाच्या किमतीहून अधिक नाही.