तळहातावरचे खवले

सोरायसिस हे नाव आता आपल्या घरांत नवे राहिलेले नाही. कोपर, गुडघे किंवा डोके यांवर तो असला तर वस्त्राआड वा केसांआड झाकता येतो. तळहात-तळपायांवर आला म्हणजे मात्र मोठी पंचाईत होते. जागा म्हटली तर ओंजळभर. पण हात लपवून संसार होत नाही आणि पाय उचलून चालता येत नाही. कणीक मळताना भेगांत मीठ झोंबते, सकाळी पहिले पाऊल टाकणे जिवावर येते. माळव्यातील कोरडी थंडी सुरू झाली की या भेगा अधिकच उलतात.

हा विकार जंतूंचा नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेला अकारण चेतवते. एरवी महिनाभर चालणारे पेशींचे नूतनीकरण मग थोड्याच दिवसांत उरकू लागते आणि खवल्यांचे थर साचतात. तो स्पर्शाने लागत नाही, भांड्याने लागत नाही, वाढलेल्या अन्नानेही लागत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली ठराव करून या रोगास असंसर्गजन्य म्हटले, आणि रुग्णांस सोसाव्या लागणाऱ्या अवहेलनेचाही त्यात उल्लेख केला.

इसब आणि नायटा हेही तळहातावर असेच दिसतात. म्हणून प्रथम त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे. थोडी खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासली की बुरशी आहे की नाही ते कळते. दुकानातून परस्पर आणलेल्या मिश्र मलमाने निदान अधिकच अवघड होते.

उपचारात पहिला मान ओलाव्याचा. हात धुतल्यावर लगेच व्हॅसलिनसारखे स्निग्ध मलम चोळावे. भांडी घासताना सुती हातमोज्यांवर रबरी मोजे चढवावेत. वजरीने खवले खरवडू नयेत, कारण घर्षणाने हा रोग बळावतो. तळव्याची कातडी जाड असते; तेथे औषध मुरावे म्हणून सॅलिसिलिक अॅसिडने खवले मऊ करतात, आणि तीव्र स्टेरॉइड मलम, कॅल्सिपोट्रिऑल किंवा डांबरयुक्त मलम वैद्यांच्या सांगण्याप्रमाणे लावतात. एवढ्याने न भागल्यास किरणोपचार असतो. बावचीच्या बियांत आढळणाऱ्या सोरॅलेन वर्गातील औषध देऊन अतिनील किरण सोडण्याची ही रीत १९७४ नंतर रूढ झाली. मात्र घरी बावचीचे तेल लावून उन्हात बसू नये. त्वचा भाजून फोड येतात.

पोटातील औषधांत मेथोट्रेक्सेट जुने व उपयुक्त आहे. सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. मधूनमधून रक्त तपासावे लागते, मद्य वर्ज्य करावे लागते आणि गर्भवतीस ते देत नाहीत. अॅसिट्रेटिन घेणाऱ्या स्त्रीने औषध थांबविल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावयाची असते. स्टेरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शने आपल्या मनाने घेऊ नयेत; ती थांबताच रोग उसळून उठतो. सांधे आखडू लागले तर तेही डॉक्टरांस सांगावे. धूम्रपान सोडावे.

हा रोग मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो. ‘कायमचा बरा करतो’ असे सांगणाऱ्यांच्या मागे धावून चालू औषध सोडणारे लोक शेवटी पैसा आणि धीर दोन्ही गमावून बसतात.

आता उरला प्रश्न निरोग्यांचा. गुरुजींनी वहीस हात लावू नये म्हणून सुचविणारे पालक आम्ही पाहिले आहेत. मंगलकार्यात जिला पाने वाढावयास कोणी बोलावीत नाही आणि जिच्या हातचे हळदीकुंकू घेताना कपाळ मागे सरते, तिच्या भेगा मलमाने भरतील. हे दुःख मलमाने भरणारे नाही. त्यावरचा उपचार कोणत्याही औषधालयात मिळत नाही, तो आपल्याच घरी आहे. पुढल्या कार्यात त्या हातांत वाढण्याचे पातेले आपण होऊन द्यावे, आणि पहिला घास आपण घ्यावा.